घरचा संगीतसंग्रह परगावी ऐकताना

ज्या घरात वडिलांनी जमवलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटी आणि पुढच्या पिढीच्या सीडी या साऱ्यांचे संगणकीय रूपांतर होऊन ते एका लहानशा रास्पबेरी पायवर विसावले आहे, व नॅव्हिड्रोमसारखी विनामूल्य प्रणाली त्या दप्तराचा कारभार पाहत आहे, त्या घरात वाय-फायच्या कक्षेत हवा तो राग हव्या त्या खोलीत ऐकता येतो. अडचण येते ती उंबरठा ओलांडल्यानंतर.

तिचे मूळ इंटरनेटच्या पत्त्यांच्या दुर्भिक्षात आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४३० कोटीच पत्ते संभवतात, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. म्हणून घरातील यंत्रांना १९२.१६८ ने आरंभ होणारे खाजगी पत्ते मिळतात, व बाहेरच्या जगाला दिसतो तो केवळ राउटरचा पत्ता. शेकडो बिऱ्हाडांच्या चाळीला एकच पत्ता असावा आणि पाकिटावर खोली क्रमांक नसावा, तशी येणाऱ्या विनंतीची गत होते. पुष्कळ कंपन्या तर अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर आपण त्या वाटणीतले भागीदार आहोत अशी खातरजमा करून घ्यावी.

अशा ठिकाणी पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आलेली विनंती राउटरकरवी नॅव्हिड्रोमच्या ४५३३ क्रमांकाच्या पोर्टकडे रवाना करण्याची, तजवीज निष्फळ ठरते. आणि जेथे ती सफल होते तेथेही, अखिल जगातील स्वयंचलित शोधयंत्रे अहोरात्र उघडी पोर्ट धुंडाळत असताना, केवळ एका परवलीच्या शब्दावर घरचे यंत्र सोपवणे मला मुळीच प्रशस्त वाटत नाही.

त्याहून श्रेयस्कर उपाय वायरगार्डचा. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेली व मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झालेली ही पद्धती प्रत्येक यंत्राला गुप्त व प्रकट अशा चाव्यांची जोडी देते, आणि ज्याची चावी नोंदलेली नाही त्याला नकाराचे उत्तरसुद्धा देत नाही. तिच्यावरच आधारलेली टेलस्केल सेवा सामायिक पत्त्याचाही अडसर दूर करते: फोन व घरचे यंत्र दोघेही आतून बाहेर जाऊन परस्परांना गाठतात, थेट मार्ग न जुळल्यास मध्यस्थ यंत्रातून सांकेतिक स्वरूपातच ध्वनी वाहतो, आणि गुप्त चावी यंत्राबाहेर जात नाही. दोन्ही ठिकाणी टेलस्केल बसवून एकाच खात्याने प्रवेश करावा, व फोनवरील संगीत-अ‍ॅपमध्ये घरच्या यंत्राला मिळालेला १०० ने आरंभ होणारा पत्ता आणि ४५३३ हा क्रमांक लिहावा. राउटरला हात लावण्याचे प्रयोजन उरत नाही.

मात्र घरातून बाहेर जाणारा वेग बहुधा बेताचा असतो. सीडीवरील तासाभराच्या गायनाचा असंक्षिप्त ऐवज सुमारे ६३५ मेगाबाइट भरतो, आणि फ्लॅकमध्येही त्यातला मोठा अंश शिल्लक राहतो. तोच ओपसच्या १२८ किलोबिट दराने जेमतेम ५८ मेगाबाइटांत मावतो, म्हणून प्रवासात नॅव्हिड्रोमला तत्क्षणी रूपांतर करण्याची मुभा द्यावी. जुन्या तबकड्यांत उच्च कंपनांचे स्वर मुळातच अल्प असल्याने त्यांची तर या रूपांतरात काहीच हानी होत नाही, असा माझ्या कानांचा निर्वाळा आहे. परदेशी असलेल्या मुलांना नॅव्हिड्रोमवर पृथक् खाते काढून द्यावे, आणि कोणाचा फोन हरवल्यास ते यंत्र टेलस्केलच्या यादीतून त्याच दिवशी खारीज करावे.