मिठातून समुद्र परत येत नाही

भाईंदरला आमच्या घरापासून मिठागरं फार लांब नाहीत. हिवाळा सरला की तिथे पांढऱ्या राशी दिसू लागतात. अशाच दिवसांत भाची सुट्टीला आली होती. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मी झाकणबंद बादलीतून पांढरी पूड तोलून काढत होतो. बादलीची किंमत ऐकून ती म्हणाली, "मामा, समोर मिठाचे डोंगर पडलेत आणि तू हजारो रुपये देऊन मीठ विकत आणतोस?"

तिचा प्रश्न मला फार आवडला. कारण तो सरळ आहे आणि त्याचं उत्तर मात्र समुद्राच्या तळापर्यंत नेतं. समुद्र आटवला की मीठ मिळतं. मग तेच मीठ पाण्यात विरघळवलं की समुद्र परत का मिळू नये?

मिळत नाही, कारण मिठागरात समुद्र आटतो तेव्हा तो एका दमात घन होत नाही. त्यातले क्षार आपापली पाळी आल्यावर बाहेर पडतात. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतलं, ऊन तापलं, पाणी घट्ट होऊ लागलं की सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा पदार्थ, तळाशी बसतो. पाणी मूळच्या साधारण एक पंचमांशावर आलं की जिप्समची पाळी. एक दशांशापर्यंत आटलं की मग कुठे खाण्याच्या मिठाचे स्फटिक धरू लागतात. घनता मोजणाऱ्या काट्यावर तेव्हा २५ अंश बोमे दाखवतं. मीठ धरून झालं की उरलेलं दाट, कडवट पाणी मीठवाले सोडून देतात. ते तसंच आटू दिलं तर मीठ कडू होतं आणि हवेतला ओलावा ओढून पाझरत राहतं. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियम असतं, पोटॅशियम असतं, ब्रोमाइड असतं.

पिढ्यान् पिढ्या मिठागरं राखणाऱ्या आगरी समाजाचं नावच आगरावरून आलं. त्यांचं कसब असं की समुद्रातून एकच पदार्थ शुद्ध काढून घ्यायचा आणि बाकीचा समुद्र वाटेत मागे ठेवायचा. कॅल्शियम अलीकडच्या वाफ्यात राहिलं, मॅग्नेशियम पलीकडच्या पाण्यात गेलं. माझ्या बादलीतली पूड बनवणाऱ्यांचं कसब नेमकं उलटं आहे: वाटेत मागे राहिलेलं सगळं, प्रमाण न चुकवता, पुन्हा एकत्र आणायचं.

प्रमाण असं आहे. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमांच्या आसपास, सोडियम ११ ग्रॅमांना जरा कमी. म्हणजे ३० ग्रॅम आपल्या ओळखीच्या मिठाचेच दोन घटक. उरलेल्या पाचेक ग्रॅमांत सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४, पोटॅशियम ०.४, आणि मग बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम अशी बारीक बारीक मंडळी. समुद्राचं समुद्रपण मला त्या पाच ग्रॅमांत दिसतं.

त्यातली एक गोष्ट कळली त्या रात्री मी बराच वेळ टाकीसमोर नुसता बसून होतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट त्या पाण्याला पेलवेल त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. हिशेबाने ते केव्हाच खाली बसायला हवं होतं. विहिरीचं जड पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसा. तसं होत नाही, यात मोठा वाटा मॅग्नेशियमचा. कॅल्शियम कार्बोनेटचा इवला स्फटिक जन्माला येतो न येतो तोच मॅग्नेशियम त्याच्या अंगावर जाऊन चिकटतं आणि त्याची वाढ खुंटते. अशा रीतीने समुद्राचा हा वरचा थर खडू होण्याच्या उंबरठ्यावर ताटकळत उभा आहे. आणि या ताटकळलेल्या पाण्यातूनच प्रवाळ, शिंपले, टाकीच्या काचेवर धरणारं जांभळं-गुलाबी शेवाळ आपापली शक्ती खर्चून हवं तेवढं कॅल्शियम ओढून घेतात आणि घरं बांधतात. ज्यांनी ही टाकी सांभाळली आहे त्यांना हा अनुभव असतोच: मॅग्नेशियम उतरलं की कॅल्शियम कितीही घाला, पातळी टिकत नाही. आधी मॅग्नेशियम सुधारावं लागतं. मिठागरातल्या मिठात नेमकं हेच उरलेलं नसतं.

दुसरं नवल असं की ही पाककृती जगभर एकच आहे. १८१९ साली अलेक्झांडर मार्सेट या रसायनज्ञाने वेगवेगळ्या समुद्रांचे नमुने तपासून लिहून ठेवलं की खारटपणा कमीजास्त असेल, पण क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सारखंच. पुढे 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. त्याने आणलेल्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिट्मार यांनी चिकाटीने पृथक्करण केलं. १८८४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि तेच ठरलं. समुद्र स्वतःला ढवळून घ्यायला हजारेक वर्षं घेतो. सोडियमचा अणू मात्र समुद्रात आला की कोट्यवधी वर्षं मुक्काम करतो, कॅल्शियमचा दहाएक लाख वर्षं. मुक्काम इतका लांब आणि ढवळणं त्या मानाने इतकं झटपट, मग चव सगळीकडे एकच होणार.

नद्या समुद्राला जे आणून देतात ते समुद्रासारखं नसतंच, हेही इथेच सांगायला हवं. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा. पाऊस तो दगड झिजवतो आणि कोकणातल्या नद्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन खाली उतरतात. सोडियम त्यात थोडंच. समुद्रात गेल्यावर जीव कॅल्शियम उचलतात, शिंपले-पोवळी करतात, ते तळाशी जातं. सोडियमला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ते साठत गेलं. खारटपणा म्हणजे एका अर्थी कोणी न उचललेला माल.

हे प्रमाण घरात पुन्हा जुळवण्याची खटपट बरीच जुनी आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला. १८५४ च्या सुमारास त्याने लंडनमध्ये समुद्राचं पाणी बनवून पाहिलं. ब्रायटनजवळच्या पाण्याच्या पृथक्करणाचा आधार घेतला आणि चारच पदार्थ निवडले: साधं मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियम त्याने गाळलं, तरी त्याचे जीव जगले. लंडनचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातलं, मुळातच जड. त्याची उणीव त्या पाण्यानेच भरून काढली असावी, असा माझा तर्क आहे.

"मग समुद्राचंच पाणी आण ना," हा भाचीचा पुढचा प्रश्न. स्वच्छ, खुल्या समुद्राचं पाणी मिळत असेल तर त्याला तोड नाही. पण आमच्याकडे खाडी आहे. तिच्यात शहराचं सांडपाणी उतरतं, आणि पावसाळ्याचे चार महिने नद्यांचं गढूळ गोडं पाणी भरतं. म्हणून बादली.

आता ती निवडायची कशी? बाजारातली मीठं ढोबळपणे दोन घराण्यांची. एक नैसर्गिक समुद्राच्या जवळ राहणारी: अल्कलिनिटी ७ ते ८ अंश, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४२० मिलिग्रॅम. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. आम्ही ती जर्मन अंशांत मोजतो आणि बोलताना 'केएच' म्हणतो. दुसरं घराणं मुद्दाम चढं ठेवलेलं: अल्कलिनिटी ११-१२ पर्यंत, कॅल्शियम ४५० च्या आसपास. हे भराभर सांगाडा बांधणाऱ्या कठीण प्रवाळांसाठी असतं, कारण पाणी बदलायच्या दोन खेपांमध्ये ते साठा खाऊन टाकतात. आपल्याकडे सांगाडा बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि ते असायलाच हवं. मालवणच्या समुद्रातली पोवळी तिथेच बघावीत. घरी मासे आणि शेवाळं धरलेले दगड असतील तर चढं मीठ घेण्यात मला अर्थ दिसत नाही. पाण्यातून जेवढं खर्च होतं तेवढंच भरावं.

डब्यावरच्या आकड्यांपेक्षा मी एक गोष्ट जास्त पाहतो. ते मीठ दर खेपेला तसंच निघतं का? पूड म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या कणांचं मिश्रण. प्रवासात हादरे बसून बारीक कण खाली जातात, जाड वर राहतात. शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी पितात. आपल्या दमट हवेत बादली आठवडाभर उघडी राहिली तर पुडीचं ढेकूळ होतं, आणि मग तराजूवर मिठाबरोबर पाण्याचंही वजन पडतं. म्हणून वजनावर विसंबू नये. विरघळल्यावर खारटपणा मोजावा: हजाराला ३५, किंवा २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व १.०२६. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ च्या ठरावीक द्रावणावर लावून घ्यावा.

विरघळवण्यालाही क्रम आहे. आर.ओ.चं साध्या तापमानाचं पाणी घ्यायचं, पंप चालू करायचा आणि पाण्यात मीठ थोडंथोडं सोडायचं. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर अतिदाट द्रावण होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठतात आणि बादलीच्या कडांना पांढरी खर धरते. ती खर पुन्हा विरघळत नाही. पाणी गरम करून घेतलं तरी तेच. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी. मिठागरात जो क्षार सर्वांत आधी बसतो तोच इथेही आधी बसतो.

आणि मीठ बदलायचं झालं तर? नेहमीचं मिळेनासं होतं, किंवा टाकीची गरज बदलते. इथे एक हिशेब मला दर वेळी चकित करतो. टाकी २०० लिटरची, दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं. जुन्या मिठाची अल्कलिनिटी ८, नव्याची ११. पहिल्या आठवड्यानंतर टाकीत होते ८.३. दहा आठवड्यांनी कुठे १० च्या जवळ. आणि दहा वेळा दहा टक्के पाणी बदलूनही जुन्या पाण्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग टाकीतच असतो, कारण दर खेपेला आपण नव्यातलंही थोडं काढत असतो. जुनं पाणी दहा टक्क्यांखाली जायला बावीस आठवडे लागतात.

हा संथपणा मला टाकीतल्या जिवांच्या बाजूने फार मोलाचा वाटतो. माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. तो सतत समुद्र पितो आणि कल्ल्यांतून जादा मीठ बाहेर फेकतो, म्हणजे त्याच्यापाशी निदान बचावाचं यंत्र आहे. समुद्रफूल आणि तारामासा यांच्याकडे तेही नाही. त्यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं. टाकीत जे होईल ते त्यांच्या आत होतं. एका दिवसात निम्मं पाणी नव्या मिठाचं घातलं तर आकडे सुधारतात आणि तारामासा गळून पडतो. म्हणून दोन्ही मीठं काही आठवडे मिसळून वापरावीत, दर खेपेला नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळवावं, अल्कलिनिटी दर दोन-तीन दिवसांनी बघावी. आटलेल्या पाण्याची भर मात्र नेहमी गोड्या पाण्याचीच. वाफ जाते तेव्हा मीठ मागेच राहतं.

मिश्रण बदलणारे आपण पहिले नाही. समुद्रानेही ते बदललेलं आहे. मिठाचा स्फटिक वाढताना त्याच्या अंगात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. जाडं मीठ दुधी दिसतं ते बरंचसं त्यांच्यामुळे, आणि दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकल्या की मीठ तडतडतं तेही आतलं पाणी तापून फुटल्यामुळे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या मिठाच्या थरांतले असे थेंब शास्त्रज्ञांनी तपासले आणि त्यावरून मूळ समुद्र कसा असेल याचा हिशेब मांडला. डायनोसॉरांच्या अखेरच्या युगात, क्रेटेशियस काळात, समुद्रात आजच्यापेक्षा कॅल्शियम खूपच जास्त होतं आणि मॅग्नेशियम कमी. समुद्रतळाच्या भेगांतून पाणी तापल्या बेसाल्टमध्ये शिरतं तेव्हा मॅग्नेशियम दगडात ठेवतं आणि कॅल्शियम घेऊन बाहेर येतं. तो तळ तेव्हा जास्त वेगाने बनत होता. मॅग्नेशियमचा पहारा सैल पडला आणि बारीक शैवालांच्या कवचांतून युरोपातल्या खडूच्या कड्यांचे थर साचले.

यावर जस्टिन रीझ, स्टीव्हन स्टॅनली आणि लॉरेन्स हार्डी यांनी एक प्रयोग केला. त्यांनी क्रेटेशियस समुद्राचं पाणी क्षार मोजून तयार केलं आणि आजचे जिवंत प्रवाळ त्यात वाढवले. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: प्रवाळ जगले, पण हळू वाढले, आणि एरवी ते जो सांगाडा निव्वळ अ‍ॅरागोनाइटचा बांधतात त्यात कॅल्साइट हे दुसरं खनिज मिसळू लागलं. मीठ बदललं तसा त्यांच्या घराचा दगड बदलला.

हे ऐकून भाची उठली आणि स्वयंपाकघरातून जाड्या मिठाची बरणी घेऊन आली. त्यातला सर्वांत मोठा, सर्वांत दुधी खडा तिने निवडला, भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीतल्या उन्हाकडे धरून आतला थेंब शोधू लागली.