केसपेपर, एक्स-रे आणि ‘एक बटण’

‘हॉस्पिटलात आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांचे केसपेपर आणि एक्स-रे एकत्र हवेत ना? बटण दाबा, यादी येईल.’ संशोधनाची चर्चा निघाली की हे वाक्य येतंच, आणि ते म्हणणाऱ्याने बहुधा अशी यादी कधी मागितलेली नसते. निदान, औषधं, रक्ताच्या तपासण्या एका प्रणालीत असतात. एक्स-रे आणि सीटी ‘पॅक्स’ नावाच्या दुसऱ्याच साठ्यात. रुग्ण क्रमांक दोन्हीकडे सारखा असला तरी त्यावरून फक्त माणूस कळतो, आजारपण नाही. मार्चमध्ये न्यूमोनियाने अ‍ॅडमिट झालेला माणूस ऑगस्टमध्ये पाय मोडून आला, तर ऑपरेशनआधी काढलेला त्याच्या छातीचा एक्स-रेही न्यूमोनियाच्या यादीत जाऊन बसतो. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या ३,७७,११० प्रतिमांचा ‘मिमिक-सीएक्सआर’ हा संच अभ्यासकांना खुला आहे. तोही त्याच रुग्णालयाच्या नोंदींशी रुग्ण क्रमांकावर जोडता येतो, पण कोणती फिल्म कोणत्या भरतीतली, हे तारीख-वेळ ताडूनच ठरवावं लागतं.

मग म्हणतात, रिपोर्टमध्ये ‘न्यूमोनिया’ शब्द शोधा. अहो, रेडिओलॉजिस्ट जे दिसलं नाही तेही लिहितो! ‘न्यूमोनिया दिसत नाही’ आणि ‘न्यूमोनिया नाकारता येत नाही’ या दोन्ही वाक्यांत तो शब्द आहे. पहिल्या प्रकारचे नकार ओळखण्यासाठी २००१मध्येच ‘नेगएक्स’ नावाची पद्धत मांडली गेली. दुसऱ्या प्रकारापुढे माणसंही अडखळतात.

यावरचं ठरलेलं उत्तर असं, की डेटा भरपूर असला की चुका आपोआप धुऊन निघतात. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका निघतातही. एकाच दिशेने झुकलेल्या निघत नाहीत, उलट पक्क्या होतात. ‘प्लॉस मेडिसिन’मधला २०१८चा अभ्यास पाहा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या एक्स-रेंत न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, अभ्यासातल्या उरलेल्या दोन संस्थांत जेमतेम १ टक्का. प्रतिमा कोणत्या संस्थेची, हे संगणक जवळपास बिनचूक ओळखू लागला, आणि संस्था कळली की न्यूमोनियाचा अंदाज निम्मा झालाच. खाटेपाशी आणलेल्या पोर्टेबल यंत्राचंही तसंच: ज्याला उठवत नाही त्याचाच एक्स-रे तसा काढतात. रुग्ण आयसीयूत होता की ओपीडीत, याची खात्रीची नोंद केसपेपरवर असते. म्हणून जोडणी हवीच, पण ती बटणाने होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नाव खोडलं की माहिती निनावी झाली? २०१९मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले, तेव्हा चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ८४पैकी ७० स्वयंसेवक बरोबर ओळखले. तारखा पुसून टाका? मग आधी औषध की आधी सीटी हेच कळणार नाही; मिमिकमध्ये एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच अंतराने सरकवल्या आहेत. आणि आपल्याकडे ‘आभा’ हा आरोग्य-खात्याचा क्रमांक आला, आता जुळणी झालीच? तो १४ अंकी क्रमांकही माणसाचाच आहे, मार्चच्या न्यूमोनियाचा नव्हे.