आवडत्या वीराची मोडतोड

मंडळी, हिंगोलीचा दसरा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रामलीला मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. पोरे बापाच्या खांद्यावर, हातात शेंगांची पुडी, आणि सगळ्यांचे डोळे रावणाच्या उंच पुतळ्याकडे. आता घटकाभर अशी कल्पना करा, की राम पुढे आला, धनुष्याला बाण लावला, आणि सोडण्याऐवजी बाण खाली ठेवून म्हणाला, "लोकहो, मी पहिल्यापासून रावणाचाच माणूस आहे." काय होईल? म्हातारी माणसे कपाळावर हात मारतील, तरणी पोरे खेळ करणाऱ्यांच्या अंगावर धावून जातील, आणि खांद्यावरचे पोर विचारील, "बाबा, म्हणजे आजवरचं सगळं खोटंच होतं का?"

असाच एक प्रकार २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत घडला. अर्थात रामाच्या बाबतीत नव्हे, तिकडच्या चित्रकथांतल्या एका वीराच्या बाबतीत. त्याचे नाव कॅप्टन अमेरिका. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू चित्रकारांनी त्याला जन्म दिला. १९४१ साल घातलेल्या त्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दाखवला होता, आणि हा अंक बाजारात आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पंचाहत्तर वर्षे लोकांनी या वीरावर जीव लावला. आणि २०१६ साली एका अंकाच्या शेवटच्या पानावर त्याच्याच तोंडून वदवले, की तो 'हायड्रा' नावाच्या दुष्ट टोळीचा छुपा माणूस आहे. वाचक खवळले. ज्या वीराला ज्यू कलावंतांनी नाझींच्या विरोधात उभा केला, त्याला तसल्याच टोळीत बसवायचे, हे पुष्कळांच्या जिव्हारी लागले. पुढे असा खुलासा झाला, की एका अद्भुत ठोकळ्याच्या शक्तीने त्याचा भूतकाळच बदलला गेला होता. २०१७ साली खरा कॅप्टन परत आला. पण तुटलेले मन इतक्या सहज सांधते थोडेच!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या चित्रांच्या पुस्तकाशी आम्हां सेनगाव-कळमनुरीच्या माणसांना काय करायचे आहे? करायचे आहे, बरं का. वसमतच्या बाजारात पोरासाठी दप्तर घ्यायला गेलात, तर त्यावर कोळ्याच्या जाळ्याचा लाल मुखवटा दिसेल. तो स्पायडरमॅन. आपल्या मुलांना हे वीर मोबाइलवरून आणि सिनेमातून ठाऊक झाले आहेत. आणि जुन्या मंडळींनाही हे वेड अगदीच नवे नाही. १९६४ च्या मार्च महिन्यात मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले आणि १९९० पर्यंत चालले. त्यातला वेताळ मराठीतूनही वाचायला मिळे. कवटीची अंगठी, कवटीची गुहा आणि पांढरा घोडा आठवतो ना?

या वेताळाची गोष्ट मोठी शिकवण देणारी आहे. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, पण तो अमर नाही. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचला तो एकविसावा. म्हणजे वेताळ वीस वेळा मेला, तरी एकाही वाचकाने आरडाओरडा केला नाही. का बरे? कारण मरण त्या गोष्टीच्या नियमातच बसलेले होते. यावरून एवढे ध्यानात घ्या, की नायक बदलला म्हणून वाचक चिडत नाही. बदलाने गोष्टीने दिलेला शब्द मोडला, म्हणजे चिडतो.

मग हा शब्द मोडतो कोण, आणि का?

आपली कथा कीर्तनात रंगते, आणि शेवटी आरती होऊन लोक घरी जातात. राम अयोध्येला येतो, गोष्ट संपते. अमेरिकेतल्या या चित्रकथांना मात्र शेवटच नाही. सुपरमॅन १९३८ साली निघाला, तो आजतागायत महिन्यामागून महिना चालूच आहे. एवढ्या वर्षांत लिहायचे तरी काय? वीर दर वेळी जिंकणार हे वाचकाला पाठ झालेले असते. मग खप उतरू लागला, की धक्का देण्याची बुद्धी होते. वीराला मारा, लुळा करा, नाहीतर दुष्ट करा, म्हणजे वर्तमानपत्रात बातमी येते आणि ज्याने कधी अंक हातात धरला नाही तोही घ्यायला धावतो.

१९८८ सालची गोष्ट घ्या. बॅटमॅनचा एक बालसाथीदार आहे, रॉबिन. त्या वेळचा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, काही वाचकांना आवडत नव्हता. प्रकाशकांनी दोन टेलिफोन नंबर छापले. एक जगवण्याचा, दुसरा मारण्याचा. दहा हजारांवर फोन आले. ५,२७१ जणांनी 'जगवा' म्हटले आणि ५,३४३ जणांनी 'मारा' म्हटले. अवघ्या ७२ मतांनी पोराचा जीव गेला! ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण असले निकाल पाहतो, पण एका पोराच्या मरणावर मतदान, हा प्रकार निराळाच. आणि २००५ साली हाच जेसन पुन्हा जिवंत करून आणला.

सुपरमॅनचे मरण तर याहून गाजले. लेखकांच्या मनात खरे पाहता त्याचे लग्न लावायचे होते. पण त्याच सुमारास त्याच्यावर दूरचित्रवाणीची मालिका निघणार होती, आणि दोन्हीकडचे लग्न बरोबर व्हावे म्हणून इकडचा मुहूर्त पुढे ढकलला. मग रिकाम्या महिन्यांत काय करावे? तर वीरालाच मारावे! नोव्हेंबर १९९२ मध्ये तो अंक काळ्या पिशवीत बंद होऊन बाजारात आला आणि साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी सुपरमॅन उठून बसला, आणि राहिलेले लग्न १९९६ साली लागले.

आता यातला व्यवहार बघा, कारण तो शेतकऱ्याला लगेच कळेल. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो अंक १९३८ साली दहा सेंटला मिळत होता. त्याची एक जुनी प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला गेली. अशा जुन्या अंकांच्या वाढत्या किमती ऐकून १९९० नंतर लोकांनी नवे अंक गठ्ठ्यांनी घेतले. एक वाचायला, एक पिशवी न फोडता पेटीत ठेवायला. पण जुना अंक महाग झाला तो दुर्मिळ म्हणून. लोकांनी वाचून रद्दीत घातला म्हणूनच तो दुर्मिळ झाला. ज्याच्या साठ लाख प्रती जपून ठेवल्या आहेत, तो घेणार कोण? हळदीला एका साली भाव आला म्हणून दुसऱ्या साली सगळ्या शिवाराने हळदच लावली, तर वसमतच्या मोंढ्यात काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. तेच तिकडे झाले. खप कोसळला, दुकाने बंद पडली, आणि कॅप्टन अमेरिकेची मालक असलेली मार्व्हल कंपनी १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. कोसळण्याला कारणे आणखीही होती. पण धक्क्याचा खप हा उसना खप असतो, एवढे यातून दिसले.

इथे एक कळीचा मुद्दा आहे. राम कोणाच्या मालकीचा? कोणाच्याच नाही, म्हणून सर्वांच्या. सुपरमॅनला निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी मात्र त्याचे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. तेव्हापासून तो कंपनीचा. कंपनी छापील तेच त्याच्या बाबतीत खरे. २००७ साली स्पायडरमॅनचे असेच झाले. मरणाच्या दारी असलेल्या काकूचा जीव वाचवण्यासाठी नवरा-बायकोने आपले वीस वर्षांचे लग्न सैतानाला देऊन टाकले, जणू ते कधी झालेच नव्हते. आपली सावित्री यमाकडून नवरा परत आणते, इथे नवराच बायको देऊन मोकळा! संपादकांचे म्हणणे असे, की लग्न झालेला वीर पोक्त वाटतो. ही कथा लिहिणाऱ्यालाही ते पटलेले नव्हते, आणि त्याने ते उघड बोलून दाखवले. पण मालकापुढे वाचक काय करणार? एक तर सोसायचे, नाहीतर वाचणे सोडायचे.

आपल्याकडे तसे नाही. जात्यावर दळताना आपल्या आया-आज्यांनी सीतेचा वनवास गायला आहे. गरोदर सीतेला रानात धाडणाऱ्या रामाला त्यांनी खडसावून बोल लावले, आणि त्याच बायकांनी रामनवमीला पाळणाही म्हटला. हा बदल लहानसा नव्हे. पण त्यात खपाचा हिशेब नव्हता, सासुरवाशिणीचे दुःख होते. म्हणून तो टिकला. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' या पुस्तकात भीष्माच्या त्यागालाही कठोर प्रश्न विचारले आहेत. पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ते आजही वाचले जाते. उलट २०२३ च्या जून महिन्यात आलेल्या ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष' सिनेमात हनुमंताच्या तोंडी नाक्यावरची भाषा घातली, तेव्हा देशभर ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत संवाद बदलावे लागले. लोकांनी 'हा आमचा हनुमान नव्हे' म्हणून सांगितले आणि बाजूला झाले. त्यांच्या मनातल्या हनुमंताला काही धक्का लागला नाही.

तेव्हा बदल तेवढा वाईट, असे कोणी समजू नये. २०११ साली अमेरिकेत एका मालिकेतला स्पायडरमॅन मारून त्याच्या जागी माइल्स मोरालेस नावाचा कृष्णवर्णीय मुलगा आणला, तेव्हाही कालवा झाला. पण त्याची गोष्ट मनापासून लिहिली होती. २०१८ साली त्याच्यावर निघालेल्या सिनेमाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. आपल्याकडेही २००४ साली पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन निघाला. खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारा! तोही २०२३ च्या सिनेमात झळकला आणि पोरांना आवडला.

आणि धक्क्याचेच म्हणाल, तर सर्वांत मोठा धक्का आपल्या जिल्ह्यातल्या गोष्टीत आहे. कयाधूकाठच्या नरसीचे नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके. पण संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले, आणि हेच मडके कच्चे निघाले! रुसलेले नामदेव औंढा नागनाथला गुरूच्या शोधात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "जिथं देव नाही, तिथं माझे पाय उचलून ठेव." आणि जिथे पाय ठेवावेत तिथे पिंडी उभी!

लाडक्या नायकाचा अपमान, पिंडीवर पाय, याहून धक्का तो कोणता? तरीही ही कथा आपण पोटाशी धरली आहे. कारण धक्क्यानंतर नामदेव लहान होत नाहीत, मोठे होतात. आणि ऐकणाराही पहिल्यापेक्षा शहाणा होऊन उठतो.

गुरुजी आणि बाई, शेवटचे सांगणे आपल्याला आहे. एखादे दिवशी वर्गातले पोर हिरमुसून म्हणेल, "माझा हिरो वाईट निघाला." त्याला 'ते सगळं खोटंच असतं' म्हणून झटकू नका. त्याने विश्वास टाकला होता, तो दुखावला आहे. विश्वास टाकणे ही काही चूक नव्हे. त्याला जवळ बसवा आणि तीन प्रश्न विचारा. हा बदल गोष्टीतूनच उगवला, की बाहेरून चिकटवला? त्याने नायकाविषयी नवे काही कळले, की नुसता धसका बसला? आणि वर्षभराने तो पुसून टाकला, तर गोष्टीत काही उणे राहील का? मग फळ्यावर विसोबांची गोष्ट लिहा, शेजारी कॅप्टन अमेरिकेची लिहा, आणि पोरांनाच ठरवू द्या. वाटले तर म्हणा, "तुझा हिरो तू कसा पुढे नेशील, ते उद्या लिहून आण." कागदाचा हक्क कंपनीचा असेल, पण पोराच्या वहीतला वीर त्याचा स्वतःचा असतो.

रामलीला मैदानावरच्या त्या खांद्यावरच्या पोराला बापाने काय सांगावे? एवढेच सांगावे, की "बाळा, खेळ करणारा चुकला. तुझा राम चुकला नाही."