नंदुरबारचे वाणी आणि डीएनएत अडकणारा रेणू

• डीएनएचा पीळ सोडवताना टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा तोडते, लगेच जोडते. कॅम्प्टोथेसिन हा छोटा रेणू नेमका त्या फटीत शिरतो. जोडणी अडते, सतत विभाजन होणारी कर्कपेशी मरते.

• शोध : १९६६, अमेरिका. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (जन्म नंदुरबार, १९२५).

• स्रोत : चिनी झाड. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही हा रेणू आढळतो.

• मूळ रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, दुष्परिणामही तीव्र. रचना बदलून घडवलेली औषधे टोपोटेकान (अंडाशयाचा कर्करोग) आणि इरिनोटेकान (मोठ्या आतड्याचा) : अमेरिकेत मान्यता १९९६.

• फरक : सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे दुसरे औषध डीएनएशी पक्का रासायनिक बंध जोडते, कॅम्प्टोथेसिन सुटू शकते.

• डीएनएतले आणखी एक लक्ष्य, जी-क्वाड्रुप्लेक्स : ग्वानिनबहुल डीएनएची चौपदरी घडी. तिच्यावर नेम धरणारे रेणू अजून चाचण्यांत.