किडनीची गाळणी सांभाळणारी पेशींतली ‘मोटार’

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. एवढ्या गाळपातही रक्तातलं प्रोटीन मात्र आत राहतं. यामागे पेशींतल्या ‘मोटार प्रोटीन’चा मोठा वाटा आहे.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना ‘पोडोसाइट’ पेशींचा वेढा असतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत, तशी या पेशींची टोकं गुंतलेली असतात. मधल्या फटींतून पाणी, क्षार जातात. अल्ब्युमिनसारखं मोठं प्रोटीन अडतं.

मोटार करते काय?

रक्ताचा दाब सोसत ही टोकं जागेवर राहावीत म्हणून पेशीत ‘अ‍ॅक्टिन’ तंतूंचा सांगाडा असतो. ‘मायोसिन’ ही मोटार पेशीतलं इंधन जाळून हे तंतू ओढते आणि त्यांचा ताण टिकवते. आपले स्नायू आखडतात तेही मायोसिनमुळेच. किडनीत त्याचेच भाऊबंद राबतात.

बिघडली तर?

टोकं पसरट होतात, गाळणी गळू लागते. लघवीला फेस येतो, डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज दिसते. मायोसिन 1ई च्या जनुकातल्या दोषामुळे लहान मुलांना असा आजार होतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. एमवायएच9 या दुसऱ्या मायोसिन जनुकातल्या दोषात प्लेटलेट मोठ्या आणि कमी असतात. काहींना पुढे कमी ऐकू येतं, किडनीही खराब होते.

घरच्यांनी काय ध्यानात घ्यावं?

अशी सूज आलेली बहुतेक मुलं स्टेरॉइडने सुधारतात. जी सुधारत नाहीत, त्यांच्यापैकी काहींत दोष जनुकात असतो. तिथे स्टेरॉइडचा उपयोग सहसा होत नाही, दुष्परिणाम मात्र होतात. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना जनुक तपासणीबद्दल जरूर विचारावं. घरातलंच कुणी किडनी देणार असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची, कारण तोच दोष दात्यातही असू शकतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मोठ्या माणसांत किडनी बिघडण्याची मुख्य कारणं मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. पोडोसाइट पेशी एकदा गेल्या की सहजी भरून येत नाहीत. त्यामुळे फेस किंवा सूज टिकून राहिली, तर लघवीतल्या प्रोटीनची साधी तपासणी लगेच करून घ्यावी.