कॅलिपरचा रंग आणि गंजाचा बंदोबस्त

ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी, १,००० किलो वजनाची मोटार चालक ब्रेक दाबून थांबवतो, तेव्हा तिच्या ठायी असलेली २,००,००० ज्यूल गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तर पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून तिचे बव्हंशी उष्णतेत रूपांतर होते. आणि घाटाच्या उतारावर हीच क्रिया पुनःपुन्हा घडू लागली म्हणजे डिस्कचे तापमान काही शे अंशांपर्यंत चढते. या तप्त चकतीला कवेत घेऊन बसलेला कॅलिपर बहुधा बिडाचा असतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तरी त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल माँ शर्यतीत जग्वारने तो वापरून विजय मिळवल्यानंतर.

कॅलिपर घरच्या घरी लाल वा पिवळा रंगवण्याची हौस मला मुळीच गैर वाटत नाही. मात्र रंगाने ब्रेकची शक्ती वाढत नाही, त्याची खरी चाकरी गंजाला मज्जाव करण्याची आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे रंगाखाली तो किंचितही शिल्लक राहिला तर ओलावा शोषून फुगतो आणि वरचा पापुद्रा उचलून टाकतो. कोकणपट्टीत तर खाऱ्या हवेतील क्लोराइड धातूच्या खाचांत दडून ही क्रिया अधिकच जलद करते. म्हणून तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासणे, तेलकटपणा काढणे व पूर्ण वाळवणे यांतच या कामाचा बहुतेक वेळ जावा, हे योग्यच होय. गाडी निव्वळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. आणि ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी, कारण जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो.

रंग निवडताना डब्यावरील तापमानमर्यादा वाचावी. साध्या इनॅमलचे बंधक द्रव्य कार्बनच्या साखळ्यांचे असते व तीव्र उष्णतेत करपते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा रासायनिक बंध अधिक बळकट असल्याने त्यावर आधारलेला रंग उष्णतेपुढे टिकाव धरतो.

परंतु रंग कोठे लावावा याहून तो कोठे लागू नये, याची तजवीज अधिक महत्त्वाची. डिस्क, पॅड, सरकत्या पिना आणि ब्लीडर निप्पल झाकावेच. पण पिस्टनभोवतीचा रबरी बूट विशेष जपावा. रंगातील द्रावकाने रबर बिघडले, पुढे ते चिरले, की त्या फटीतून पाणी शिरते, पिस्टन गंजून अडकतो, पॅड डिस्कला घासतच राहतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. पॅड ज्या खाचेत सरकतो तेथे रंगाचा थर बसला तरी तो जाम होण्याचा संभव असतो.

रंगाचा जाड हात एकदम न देता पातळ हात द्यावेत आणि दोहोंमध्ये डब्यावर सांगितलेला अवधी पाळावा. पुढे कधी ब्रेकची नळी सोडण्याचा प्रसंग आला तर डॉट ३ वा डॉट ४ जातीच्या ब्रेक ऑइलपासून या रंगाचे रक्षण करावे. हे ऑइल ग्लायकॉलच्या वर्गातील असून रंग विरघळवते, परंतु पाण्यातही सहज मिसळते, तेव्हा सांडताच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.