मावशीचा प्रश्न आणि उशाखालचा फोन

आत्ता हे वाचताना तुमचा फोन कुठे आहे? खिशात, मांडीवर, की अजून उशाखालीच? माझा उशाखाली असतो. मागच्या दिवाळीपर्यंत तरी त्याचं मला काही वाटत नव्हतं.

दिवाळीत मावशीकडे गेले होते. तिच्या मुलाचं तीन वर्षांपूर्वी ब्रेन ट्युमरचं ऑपरेशन झालं. आता तो बरा आहे, नोकरीलाही लागलाय. पण फराळाचं ताट पुढे ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मीच हौसेने घेऊन दिला गं तो मोबाईल." सगळे गप्प. जर्नालिझम शिकतेय म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, आणि माझ्याकडे उत्तर नाही!

तेव्हापासून जमेल तेवढं वाचत सुटले. निम्मी भीती 'रेडिएशन' या शब्दाचीच आहे. एक्स-रे हे रेडिएशन आणि मोबाईलच्या लहरी हेही रेडिएशनच. पण एक्स-रेमध्ये डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा असते, मोबाईलच्या रेडिओ लहरींत ती नसते. साध्या उजेडापेक्षाही त्यांची ऊर्जा कितीतरी कमी. खूप प्रमाणात असतील तर त्या शरीराचा भाग किंचित गरम करतात. (मोबाईलने मक्याचे पॉपकॉर्न फोडणारा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला असेलच. ती २००८ मधली, ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती.)

मग 'मोबाईलने कॅन्सर' ही हेडलाइन आली कुठून? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या लहरींना '२ बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक'. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि आशियाई पद्धतीची लोणचीसुद्धा! पुरावा किती भक्कम आहे, एवढंच हा गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही.

त्या निर्णयाला मोठा आधार होता 'इंटरफोन' या १३ देशांतल्या अभ्यासाचा. ट्युमर झालेल्या आणि न झालेल्या लोकांना विचारलं गेलं, तुम्ही फोनवर किती बोलायचात? एकूण हिशेबात धोका वाढलेला दिसला नाही. उलट फोनवाल्यांना ट्युमर कमीच, असा अजब आकडा आला. फक्त सगळ्यात जास्त, म्हणजे एकूण १६४० तासांहून अधिक बोलणाऱ्यांमध्ये ग्लायोमा हा ट्युमर ४० टक्के जास्त दिसला. पण त्यांतल्या काहींनी रोज पाच तासांहून जास्त बोलायचो, असं सांगितलं होतं. तेही मिनिटामिनिटाचे पैसे मोजायच्या काळात!

आता तुम्हीच सांगा, गेल्या मंगळवारी तुम्ही कॉलवर किती वेळ होतात? नाही ना आठवत? मग दहा वर्षांपूर्वीचं काय सांगणार? त्यातून आजारी माणूस कारण शोधत मागचं सगळं उकरत असतो. संशोधक याला 'रिकॉल बायस' म्हणतात. वाचलं तेव्हा मला मावशीच आठवली.

म्हणून पुढे आठवणींवर विसंबायचं नाही, असं काहींनी ठरवलं. डेन्मार्कमध्ये मोबाईल ग्राहकांच्या याद्या थेट कॅन्सर नोंदणीशी ताडून पाहिल्या. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाख स्त्रियांना आधी फोनबद्दल विचारलं आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवली. दोन्हीकडे ट्युमर वाढलेले दिसले नाहीत. 'मोबी-किड्स' हा अभ्यास तर १० ते २४ वयाच्या मुलांवरचा, म्हणजे आपल्यावरचाच. १४ देश, त्यात भारतही. त्यातही मोबाईलमुळे ट्युमर होतो असा पुरावा मिळाला नाही. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेनेच करून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यातही, दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांतसुद्धा, संबंध दिसला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये अमेरिकेत नर उंदरांच्या हृदयात ट्युमर दिसले. पण त्यांच्या अख्ख्या अंगावर रोज नऊ तास, दोन वर्षं लहरी सोडल्या होत्या, आणि गंमत म्हणजे तेच उंदीर बाकीच्यांपेक्षा जास्त जगले. २०११ मध्ये ४७ जणांच्या कानाला ५० मिनिटं फोन लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा अँटेनाजवळच्या भागात साखरेचा वापर सुमारे सात टक्के वाढला. ते चांगलं की वाईट, हे मात्र त्या संशोधकांनीही सांगितलं नाही.

तरी काळजी वाटत असेल तर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश डायल करा, फोनची 'सार' व्हॅल्यू दिसेल. आपल्याकडे मर्यादा १.६ आहे. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, म्हणून घाटात किंवा लिफ्टमध्ये लांबलचक गप्पा नकोत. इअरफोन लावला तर डोक्याजवळच्या लहरी खूपच कमी होतात. रात्री दोनपर्यंत मला जागं ठेवतात त्या लहरी नाहीत, रील्स आहेत. तो वेगळा विषय!

गेल्या रविवारी मावशीला फोन केला. सगळं सांगितलं, आकडे गाळून. ती म्हणाली, "म्हणजे मी फोन घेऊन दिला म्हणून नाही ना?"

"नाही, मावशी."

बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने विचारलं, "मग कशामुळे गं?"

ग्लायोमाचं नेमकं कारण बहुतेक पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांनाही सापडत नाही. मी तिला तेच सांगितलं.